राणीला कोणती कांडी?

मे २०२३. दुपारी अडीचला नेवाशाजवळच्या एका वस्तीवरून फोन आला. "डॉक्टर, राणीनं सकाळधरनं गव्हाणीत तोंड घातलं न्हाई."

पोचलो तेव्हा राणी मान लांब करून धापा टाकत होती. ताप १०६. पापणी उलटली तर आतून पांढरीफटक. खांद्यापुढची गाठ लिंबाएवढी हाताला लागली आणि शेपटीखाली गोचिडांचा नुसता थर. गोचीड ताप! कानाच्या शिरेतून काचेवर रक्त घेतलं, पण तपासणीची वाट बघत बसलो नाही. चारशे किलोची गाय, या तापावरचं औषध ब्युपारव्हाक्वोन वीस मिली मानेत दोन जागी खोल टोचलं.

उन्हाळ्यात हे रोजचंच. मला खटकलं ते पलीकडच्या दावणीला. त्याच तापल्या पत्र्याखाली राणीची आजी, चांदी, निवांत रवंथ करत बसलेली. अकरा वर्षांची, कान गीरसारखे लोंबते, वशिंड नावापुरतं. तिच्या अंगावर गोचीड शोधावी लागत होती.

चांदीची आई देशी गीर, बाप एचएफ, म्हणजे जास्त दुधाची विदेशी होल्स्टीन फ्रिजियन जात. कांडी, म्हणजे वळूच्या गोठवलेल्या वीर्याची नळी, मीच भरलेली. पहिल्या वेताला तिनं दोन्ही वेळचं मिळून चौदा लिटर दिलं तेव्हा मालकीणबाईंनी, आमच्या मावशींनी, पेढे वाटले आणि माझंही डोकं फिरलं. चांदीला एचएफ, तिच्या कालवडीला पुन्हा एचएफ. राणीत एचएफचं रक्त साडेसत्त्याऐंशी टक्क्यांवर गेलं. संकराचा जोम असा साठत नाही. दोन वेगळ्या जातींच्या पहिल्या पिढीत तो पुरता असतो. पुन्हा त्याच जातीचा वळू लावला की निम्मा, त्यापुढे पाव. गीरची ऊन सोसायची ताकद विरते ती वेगळीच. हेच कॉलेजात पेपरात लिहून मी मार्क घेतलेले! तिकडे अमेरिकेत मांसासाठी गुरं पाळणारे आपल्याच गीर, कांकरेज, ओंगोलपासून घडवलेली ब्राह्मण जात तिकडच्या अँगस जातीत मिसळतात, आणि त्यांच्या ब्रँगसमध्ये तीन अष्टमांश ब्राह्मण मुद्दाम राखतात.

राणी पाचव्या दिवशी चाऱ्याला लागली. दीड महिन्यानं माजावर आली. मी द्रव नायट्रोजनच्या कंटेनरमधून गीरची कांडी काढून कोमट पाण्यात सोडली. मावशींनी कांडीचा रंग बघितला.

"ही आपली न्हाई. कुठली?"

"गीरची."

"दूध घटंल की!"

"थोडं घटेल. पण कालवड उन्हात तग धरेल."

"डेअरीवाला ऊन मोजतो का लिटर?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हटलं, "मावशी, कांडी वितळली. आता परत नायट्रोजनमध्ये टाकता येत नाही."

त्यांनी राणीची शेपटी बाजूला धरली. "भरा मग. पण कालवडीनं धाच्या खाली दिलं, तर वरचं तुम्ही आणून घालायचं."