ता च खेत न कसते

गेल्या पावसाळ्यात नव्याने भरती झालेल्या तलाठ्यांची एक तुकडी माझ्याबरोबर नाशिकच्या पांडवलेण्यांवर आली होती. प्रशिक्षणातला एक दिवस वारसास्थळासाठी राखलेला असतो. प्राकृत शिकवणं आणि लेण्यांतले लेख लोकांना वाचून दाखवणं हे माझं बारा वर्षांचं काम, त्यामुळे कुठे थांबायचं, काय सांगायचं हे तोंडपाठ होतं. मुलं-मुली पंचविशीतली. त्यांच्यासोबत शिकवणारे म्हणून एक निवृत्त मंडळ अधिकारी होते. सगळे त्यांना सर्कलसाहेब म्हणत. पायऱ्या चढताना ते फार बोलले नाहीत.

तिसऱ्या लेण्याच्या ओसरीत आलो तेव्हा पाऊस सुरू झाला आणि तिथेच अडकलो. मी बलश्रीच्या लेखापासून सुरुवात केली. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईने, नातू पुळुमावीच्या १९व्या राज्यवर्षी कोरवून घेतलेली ही प्रशस्ती. मुलाने शक, यवन, पल्हव बुडवले, खखरातांचा (क्षत्रप नहपानाच्या घराण्याचा) वंश निःशेष केला, क्षत्रियांचा गर्व उतरवला, चार वर्णांचा संकर थांबवला, तो ‘एकबम्हण’, म्हणजे अद्वितीय ब्राह्मण. आणि ही सगळी ब्राह्मणी थोरवी कोरली कुठे, तर भदावनीय पंथाच्या बौद्ध भिक्षूंना दिलेल्या लेण्यात. राजाचा धर्म एक आणि दान दुसऱ्या धर्माला, यात त्या समाजाला काहीच वावगं वाटत नव्हतं, हे मला दर वेळी नव्याने सांगावंसं वाटतं. मुलांनी ऐकलं, फोटो काढले.

मग ओसरीच्या पूर्वेकडच्या भिंतीवर, छताखाली असलेले दोन लेख. दोन्ही गौतमीपुत्राच्या स्वतःच्या राज्यवर्षांतले, एक १८व्या वर्षाचा, एक २४व्या. खरं सांगते, हे दोन लेख मी इतकी वर्षं घाईने उरकत आले होते. ‘राजाने भिक्षूंना जमिनी दिल्या, आधी २०० निवर्तनं, नंतर १००,’ एवढंच. निवर्तन हे तेव्हाचं जमीन मोजायचं माप. वर्गातल्या टिपणांतही ‘दानलेख’ या शीर्षकाखाली ते एकापाठोपाठ एक लिहिलेले. त्या दिवशी पाऊस थांबत नव्हता, म्हणून मी २४व्या वर्षाचा लेख संथपणे, शब्द सोडवत वाचला.

‘ता च खेत न कसते, सो च गामो न वसति.’

मी अर्थ सांगायच्या आत सर्कलसाहेब भिंतीजवळ आले. ‘मॅडम, परत वाचा.’

परत वाचलं.

‘शेत कसत नाहीत, गाव वसलेलं नाही. असंच ना?’

असंच. खेत, कसणं, गाव, वसणं. एकोणीसशे वर्षांपूर्वीचं ते वाक्य त्या माणसाला भाषांतराशिवाय कळलं होतं. मुलांकडे वळून ते म्हणाले, ‘आपण सातबाऱ्याच्या बारा नंबरला पड लावतो ना, ते हे. राजाला कुणीतरी पीकपाहणी करून कळवलेलं आहे.’ मग मला म्हणाले, ‘मॅडम, हे दान नाही. दान आधीच झालंय. ही बदली जमीन आहे. आधीचा लेख काय म्हणतो?’

१८व्या वर्षी राजा विजयी छावणीत होता. तिथून त्याने गोवर्धनच्या, म्हणजे इथल्या तेव्हाच्या कारभाराच्या ठाण्याच्या, विष्णुपालित या अमात्याला कळवलं: अपरकखडी गावातलं, आजवर उसभदताकडे असलेलं २०० निवर्तनांचं शेत तेकिरसी, म्हणजे याच डोंगरावरच्या, भिक्षूंना दे. उसभदत म्हणजे गौतमीपुत्राने हरवलेल्या क्षत्रप नहपानाचा जावई. याच डोंगरावरच्या दहाव्या लेण्यात त्याचे स्वतःचे दानलेख आहेत. भिक्षूंच्या चिवरांसाठी त्याने विणकरांच्या श्रेणीत (व्यावसायिक संघात) २००० कार्षापण, म्हणजे तेव्हाची नाणी, ठेवले, शेकडा दरमहा एक नाणं व्याजाने, आणि ही ठेव निगमसभेत, म्हणजे नगरसभेत, नोंदवली. नहपानाचं राज्य गौतमीपुत्राकडे गेलं. नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभीला १९०६ साली तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी सापडली, ती नहपानाची, आणि त्यांतल्या बहुतेकांवर गौतमीपुत्राने स्वतःचा छाप पुन्हा मारला आहे. नाण्यांचं झालं तेच शेताचं. पण नाण्यावर छाप मारला की ते चालतं. शेताला माणसं लागतात, आणि लढाई जिथून गेली तिथली माणसं परतलेली नव्हती. निदान मला तरी कारण हेच वाटतं.

‘म्हणजे सहा वर्षं कागदावर २०० आणि हातात शून्य,’ सर्कलसाहेब म्हणाले. ‘भिक्षू गोवर्धनला खेटे घालत असणार.’

पुढे राजा म्हणतो, असं असल्यामुळे नगराच्या सीमेवर आमच्या, राजाच्या मालकीची जी जमीन आहे, तीतून १०० निवर्तनं देतो. एका मुलीने विचारलं, निम्मी का? उत्तर सर्कलसाहेबांनीच दिलं: ‘शहरालगतची आहे. भाव वेगळा.’ मग सवलती वाचल्या. ‘अपावेस’, राजाच्या माणसांनी आत शिरायचं नाही. ‘अनोमस’, हात लावायचा नाही. ‘अलोणखादक’, मिठासाठी खणायचं नाही. ‘अरठसविनयिक’, जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांची दखल नाही. अमात्याने जमिनीसोबत या सवलतीही तिथे नोंदवायच्या, ‘निबधापेथ’. ‘निबध’ म्हणजे नोंद, असं सांगितल्यावर सगळी तुकडी भिंतीशी गोळा झाली. आदेश पावसाळ्याच्या चौथ्या पक्षातला, पाचवा दिवस; नोंद उन्हाळ्याच्या दुसऱ्या पक्षातली, दहावा दिवस. मुलं तारखा वहीत उतरवून घेत होती.

‘लिहिलं कोणी?’ तीच मुलगी.

राजाने तोंडी आज्ञा दिली. मसुदा लोटा या प्रतिहाररक्षीने, म्हणजे राजाच्या दारावरच्या रक्षकाने, केला, आणि ‘लोटाय’ हे रूप स्त्रीलिंगी आहे. पत्र राजाच्या आणि राजमातेच्या, दोघांच्या वचनाने निघालं आहे. ती मुलगी वर त्या अक्षरांकडे बराच वेळ पाहत उभी राहिली. मीही. बारा वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता, आणि सांगावंसं मलाही सुचलं नव्हतं.

मला लाज वाटली. प्रशस्तीतल्या पराक्रमावर मी तासन्‌तास बोलले होते. आणि शेजारच्याच भिंतीवर एक राजा मान्य करत होता की आपण दिलेलं शेत कसलं जात नाही, त्याचा भिक्षूंना उपयोग झाला नाही. ते त्याने दगडात कोरू दिलं.

उतरताना सर्कलसाहेबांनी अख्खं भाषांतर मागितलं. ‘जसं पत्र आहे तसंच द्या, सोपं करू नका.’ रात्री मी टिपणांतलं जुनं शीर्षक खोडलं आणि पहिल्यापासून लिहायला बसले:

‘सिद्धम्. गोवर्धनचे अमात्य श्यामक यांस द्यावयाचा राजलेख. राजा गौतमीपुत्र सातकर्णी आणि जिचा पुत्र हयात आहे ती महादेवी राजमाता यांच्या वचनाने गोवर्धनचे अमात्य श्यामक यांचे आरोग्य विचारावे, आणि नंतर त्यांस असे सांगावे: येथे तिरण्हु पर्वतावर, आमच्या धर्मदानाच्या लेण्यात राहणाऱ्या प्रव्रजित भिक्षूंना कखडी गावी पूर्वी आम्ही शेत दिले. ते शेत कसले जात नाही, आणि तो गाव वसलेला नाही.’