उंची १९६ सेंमी, बजेट पाच हजार: टेंटशोधाची आतापर्यंतची मजल

आधी माप सांगतो, म्हणजे पुढचं सगळं त्या हिशेबाने वाचता येईल. उंची सहा फूट पाच इंच, म्हणजे १९६ सेंमी. झोपतो पाठीवर, आणि पाय कशाला टेकले की झोप उडालीच. बजेट पाच हजारांच्या आत. ट्रेक सह्याद्रीतले, पावसाळा सोडून, बऱ्याचदा एकट्याने. ‘अंथरूण पाहून पाय पसरावेत’ हे ज्यांच्या ओठांवर आलं असेल त्यांनी गिळून टाका. पायथ्याच्या गावात जेवू घालणाऱ्या मावशींपासून सगळ्यांचं ते म्हणून झालंय.

इतके दिवस टेंटवाचून अडलं नव्हतं. हरिश्चंद्रगडाच्या गुहेत किंवा राजमाचीला उढेवाडीतल्या एखाद्या ओसरीवर पाय हवे तितके लांब करता येतात. पण शनिवार-रविवारी गुहांमध्ये आता मुंगीलाही जागा नसते. भाड्याने मिळतात ते टेंट माझ्यासाठी अंगाचं मुटकुळं करून रात्र काढायचे. म्हणून स्वतःचा घ्यायचं ठरवलं आणि आकड्यांच्या मागे लागलो.

बाजारातल्या बहुतेक दोन माणसी टेंटच्या आतल्या मजल्याची लांबी २०० ते २१० सेंमी लिहिलेली असते. १९६ चा माणूस २१० मध्ये मावायला हवा, असं कागदावर वाटतं. मावत नाही, कारण आपण मजल्याच्या पातळीवर झोपतच नाही. खाली मॅट असते, डोक्याखाली उशी असते, आणि पाठीवर झोपलेल्या माणसाचे अंगठे जमिनीपासून साधारण ३० सेंमी वर असतात. त्या उंचीला टेंटची भिंत आत आलेली असते. किती आत, ते तिच्या उतारावर ठरतं. भिंत जमिनीशी ६० अंशांत असेल तर पायाकडे १७ सेंमी जातात आणि डोक्याकडे (तिथे २० सेंमी उंची धरली) १२. उरले १८१. तीच भिंत ७५ अंशांत उभी असेल तर दोन्हीकडचे मिळून १३ च जातात आणि १९७ उरतात. दोन्ही टेंटच्या पिशवीवर लांबी मात्र २१० च छापलेली. माझ्या मते लांब माणसाने विचारायचा पहिला प्रश्न लांबीचा नाही, भिंतीच्या उताराचा आहे. तो दुकानातले लोक सांगू शकत नाहीत, पण लावून ठेवलेल्या टेंटच्या भिंतीला मोबाईल टेकवून लेव्हलचं ॲप उघडलं की आकडा समोर येतो.

आता तिरकं झोपायचं. सगळे हाच सल्ला देतात. २१० × १३० च्या टेंटचा कर्ण २४७ सेंमी येतो, मग काळजी कसली! गच्चीवर खडूने तो आयत आखला आणि ५५ सेंमी रुंदीची मॅट त्यात फिरवून पाहिली. मॅटला रुंदी आहे हे कर्णाच्या गणितात येतच नाही. ती तिरकी केली की खांद्याकडचे कोपरे रेषेबाहेर जातात, आणि आत बसेल अशी जास्तीत जास्त लांबी २०४ च्या आसपास निघते. म्हणजे सरळ झोपण्यापेक्षाही कमी! पायाकडे निमुळती होणारी स्लीपिंग बॅग असेल तर थोडं मिळतं, पण फार नाही. तीन माणसी, २१० × १८० आखला तर त्याच मॅटला सुमारे २२२ सेंमी मिळतात. चार माणसी, २१० × २१० चा चौरस आखला तर २४२. तिरकं झोपण्याचा फायदा लांबीतून येत नाही, रुंदीतून येतो.

दुसरा फायदा दुकानात कळला. घुमटाकार टेंटचे दोन पोल कर्णावरून जातात आणि कोपऱ्यापाशी ते जवळजवळ सरळ उभे चढतात. बाजूच्या मधल्या भागात मात्र नुसतं कापड असतं, आणि ते आत झुकलेलं असतं. त्यामुळे कोपऱ्याकडे पाय केले की भिंत नडगीवर येत नाही. हे मी बूट काढून, प्रत्यक्ष आडवा होऊन पाहिलं. सेल्समन आधी हसला, मग स्वतःच दुसरा टेंट लावून म्हणाला, “आता याच्यात झोपून बघा दादा.” लाजू नका, झोपाच.

उंचीचंही तसंच. बसल्यावर माणसाची उंची एकूण उंचीच्या ५२ टक्क्यांच्या आसपास असते. माझ्या बाबतीत १०२ सेंमी. ती मॅटवरून मोजायची. एक मीटर उंचीचा हलका टेंट म्हणजे मान वाकडी करून पँट बदलणं. १२० च्या खाली जायचं नाही, हे तिथेच ठरलं.

परदेशी ट्रेकर डर्स्टन कंपनीच्या एक्स-मिड टेंटचं नाव घेतात, आणि लांब माणसांना तो मानवतो हे खरंच आहे. तरी मी तो यादीतून काढला. किंमत हे एक कारण झालंच. पण तो ट्रेकिंग पोलवर उभा राहतो आणि त्याचे चारही कोपरे पेग (जमिनीत रोवायच्या खुंट्या) ठोकून ताणावे लागतात. आपल्या पठारांवर कातळ आहे. वीतभर माती लागली तर नशीब, नाहीतर पेग वाकतो आणि हात झिणझिणतो. घुमट आधी स्वतःच्या पोलवर उभा राहतो, मग दोर दगडांना बांधता येतात. सह्याद्रीत, आणि या बजेटात, मी घुमटाच्याच बाजूने आहे. कुणाचा अनुभव वेगळा असेल तर जरूर भांडा.

कापडाबाबत स्वस्ताईच फायद्याची ठरली. नायलॉन हलकं असतं, पण ओलं झालं की सैल पडून लोंबतं, आणि लांब माणसाच्या टेंटमध्ये पाच सेंमी लोंबणं म्हणजे थेट पायावर. पॉलिएस्टर जड, पण ताण धरून ठेवतं. स्वस्त टेंटमध्ये बहुतेक तेच असतं. एका कापडाचे, फ्लाय (वरून घालायचं वेगळं कापड) नसलेले टेंट मात्र कितीही स्वस्त मिळोत, आपल्या कामाचे नाहीत. हिवाळ्यात श्वासाची वाफ आतून थेंब होऊन साचते आणि पाय टेकलेली जागा आधी भिजते.

शेवटी घेतला तो असा: तीन माणसी घुमट, आतून २१० × १८०, मधली उंची १२०, पॉलिएस्टर, फायबरग्लासचे पोल, वेगळा फ्लाय, पुढे सॅक मावेल एवढा पोर्च. वजन साडेतीन किलोच्या घरात. एकट्याने वाहायला जड आहे, खोटं कशाला बोलू. ॲल्युमिनियमचे पोल मिळाले असते तर वजन बरंच वाचलं असतं, पण बजेटही सुटलं असतं. आणि हो, कर्णाची युक्ती एकट्यापुरतीच. सोबत कुणी आलं की ते कोपऱ्यातल्या त्रिकोणात, सॅकशेजारी. माझा मावसभाऊ पाच फूट तीन इंच आहे, त्याची तक्रार नाही.

गच्चीवर पाईपने पाणी मारून झालं. फ्लायच्या मधल्या शिवणीतून थेंब आले, बाकी कोरडं. शिवणीला सीम सीलर लावून वाळवला. घेताना पाहून घ्या, पॉलिएस्टरवर बहुधा पॉलियुरेथेनचा लेप असतो आणि त्याला त्याच जातीचा सीलर लागतो. सिलिकॉनचा त्यावर नीट धरत नाही. मग भंडारदऱ्याला धरणाच्या काठी मुक्काम केला. दव इतकं पडलं की सकाळी फ्लाय पिळून काढावा लागला, पण इनर (आतला टेंट) कोरडं राहिलं आणि पाय कुठेही टेकले नाहीत. डोक्याकडे चार बोटं जागा उरली.

आता अडतंय ते आतल्या सामानाशी. साधी फोमची मॅट १८० सेंमीच्या आसपास येते, म्हणजे टाचा बाहेर. दुसऱ्या जुन्या मॅटचा वीतभर तुकडा कापून वेल्क्रोने जोडलाय. स्लीपिंग बॅगची लांब मापं महाग आहेत, तेव्हा सध्या साधी बॅग छातीपर्यंत आणि वर जाकीट. डिसेंबरात गडावर पारा दहाच्या खाली गेला की हे पुरणार नाही. आईने गोधडी शिवून द्यायची तयारी दाखवलीय, सव्वादोन मीटर लांब. वजनाचं विचारल्यावर म्हणाली, “गाढव आहेस ना तू, मग वाहा.”

पुढची चाचणी वाऱ्याची. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर वारा खालून वर येतो, आणि १२० सेंमी उंचीचा घुमट त्याला भरपूर अंग देतो. गड अभयारण्यात आहे, त्यामुळे मुक्कामाचं आधी पायथ्याच्या पाचनई गावात विचारून घेणार. कड्यापासून मागे, झाडीच्या आडोशाला लावायचा, दार वाऱ्याच्या उलट बाजूला ठेवायचं, आणि सगळे दोर दगडांना. कुणी फायबरग्लासच्या पोलवर असा वारा काढला असेल तर सांगा, पोल फुटला तर चढवायची नळी कुठल्या मापाची ठेवू? माझे पोल ८.५ मिमीचे आहेत.