त्याच्यावर तक्रार नको

शाळेत पीटी शिकवतो आणि सीझनला ॲथलेटिक्सच्या मीटला ऑफिशियल म्हणून जातो. लोकांना वाटतं टोपी घालून सावलीत बसायचं काम. स्टीपलचेस, म्हणजे बॅरियर आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायची रेस, असेल त्या दिवशी या म्हणावं पहाटे. साध्या हर्डलला पाय लागला की ती पडते, पण स्टीपलचेसचा बॅरियर ८० ते १०० किलोचा असतो, तो पडत नाही, तुम्हीच पडता. पुरुषांना उंची ९१.४ सेंटीमीटर, बायकांना ७६.२, म्हणजे मधे मुलींची रेस आली की सगळे बॅरियर खालीवर करायचे आणि स्क्रू गंजलेले. ३००० मीटरला २८ साध्या उड्या आणि ७ पाण्याच्या. पाण्याचा खड्डा वळणाच्या आत आहे का बाहेर त्यावर लॅपची लांबी बदलते, आणि स्टार्टची जागा त्या हिशोबाने काढावी लागते. ही जागा चुकली तर सगळ्यांच्या टायमिंगची माती. ते मोजमाप मी दुसऱ्या कुणाला करू देत नाही, स्पष्ट सांगतो.

तर त्या दिवशी खड्डा कोरडा, आत बाटल्या आणि कुठल्यातरी सभेचं फाटकं बॅनर. आयोजकांपैकी एक जण म्हणाले, "पाणी नसलं तर काय बिघडतं, उडीच तर मारायची." अहो, बॅरियरवर पाय देऊन पोरगं पुढे झेपावतं ते उतरत्या तळावर येतं, पाणी नसेल तर घोट्याचं काय होईल? टँकर येईपर्यंत मी रेस लावू दिली नाही.

वीस वर्षांखालची मुलं. कॉल रूममध्ये, म्हणजे रेसआधी हजेरी घेतात तिथे, बीडकडच्या एका मुलाला विचारलं, पाण्याची उडी कधी मारलीस का? "नाही सर, मोबाईलवर साबळेसरांची बघितलीय."

इथेच मी फसलो, कारण अविनाश साबळे म्हणजे माझाही वीक पॉइंट. पेपरवाले त्याच्या सहा किलोमीटर लांबच्या शाळेपुढे जातच नाहीत. खरंय ते, आष्टी तालुक्यातलं मांडवा, आईवडील शेतकरी, गाडीची सोय नाही, पोरगं चालत नाहीतर पळत शाळेला. पण तसं चालणारी पोरं आपल्याकडे गावोगाव होती, आजही आहेत. हा बारावीनंतर आर्मीत गेला, महार रेजिमेंट, सियाचीनला पोस्टिंग, पळायला लागला तो तिथून आल्यावर आणि स्टीपलचेस त्याच्याही नंतर. २०१८ ला भुवनेश्वरमध्ये गोपाळ सैनींचा १९८१ चा राष्ट्रीय विक्रम मोडला, नंतर स्वतःचाच मोडत राहिला. २०२२ ला बर्मिंगहॅमच्या कॉमनवेल्थ गेम्सला ८ मिनिटं ११.२० सेकंद, सिल्व्हर, आणि गोल्ड फक्त ०.०५ सेकंदाने गेलं.

पण मला त्या दिवसापासून सारखी आठवते ती २०१९ ची दोहाची वर्ल्ड चॅम्पियनशिप. हीटमध्ये, म्हणजे फायनलच्या आधीच्या फेरीत, पुढचा रनर पडला, साबळे अडकला, फायनलला क्वालिफाय झाला नाही. फेडरेशनने प्रोटेस्ट केला, म्हणजे निकालावर तक्रार, व्हिडिओ बघितला गेला आणि त्याला फायनलमध्ये घेतलं. फायनलमध्ये त्याने ८:२१.३७ मारलं, नवा राष्ट्रीय विक्रम आणि टोकियो ऑलिंपिकचं तिकीट!

आता आमची रेस. पाचव्या लॅपला मी नजर ठेवून होतो त्याच बॅरियरवर पुढच्या मुलाचा गुडघा आपटला, तो आडवा झाला, आणि मागून येणारा हा बीडचा मुलगा त्याच्या अंगावर पाय पडू नये म्हणून आत वळला. उडी मारली, पण मागचा पाय बॅरियरच्या बाजूने, वरच्या पट्टीच्या खालून गेला. नियमात हे सरळ बाद आहे. नियम मोडल्याची खूण म्हणून मी पिवळा झेंडा वर केला, दुसरा इलाजच नव्हता. रिपोर्टमध्ये लॅप, बॅरियर, चेस्ट नंबर लिहिला आणि खाली ठळक लिहिलं की समोरचा पडल्यामुळे वळावं लागलं. पोरगं दुसरं आलं होतं, पहिले दोघं स्टेटला जाणार होते.

रेफरी म्हणाले, "अडथळा झाला असेल, पण प्रोटेस्ट आला तर मी बघेन ना." निकाल लागल्यापासून अर्धा तास, रेफरीकडे नुसतं तोंडी सांगायचं, फी लागते ती पुढे ज्यूरीकडे गेलं तर. खेळाडू स्वतःसुद्धा करू शकतो. त्याचे मॅनेजर कुठे? पाहुण्यांच्या सत्काराला फोटोत. मॅनेजर म्हणून येतात त्यातल्या निम्म्या लोकांनी रूलबुक उघडलेलं नसतं, भत्त्याचा फॉर्म मात्र तोंडपाठ.

शेवटी मीच गेलो. ज्याने झेंडा वर केला त्यानेच प्रोटेस्ट कर सांगायचं हे शोभतं का, माहीत नाही, पण गेलो. पोरगं त्या पडलेल्या मुलाच्या गुडघ्यावर पाणी ओतत बसलेलं. सगळं समजावलं. ऐकून घेतलं आणि म्हणतो, "तक्रार? ह्याच्यावर? नको सर. आम्ही एका गावचे, ह्याचेच जुने स्पाइक्स घालून पळालोय." म्हटलं अरे त्याच्यावर नाही, कुणावरच नाही, तुला अडथळा झाला एवढंच सांगायचं. "पण नाव त्याचंच येणार ना?" मी काय बोलणार, येणारच होतं. तो दुसरा मुलगा म्हणाला, "दे की लेका." हा मान हलवत राहिला आणि त्यातच अर्धा तास संपला.

तिसरा आलेला स्टेटला गेला, चांगला पळतो, त्याचा काय दोष. कलीग म्हणतात पोरगं येडं आहे, हातातलं घालवलं. मला तसं म्हणवत नाही आणि शहाणं होतं असंही म्हणवत नाही. मॅनेजरला नंतर फोन केला तर म्हणाले, बघू सर, पुढच्या वर्षी आहेच की. त्याची जन्मतारीख फॉर्मवर त्यांनीच भरलेली. पुढच्या वर्षी तो या गटात बसत नाही, ओपनला पळावं लागेल, आर्मी आणि रेल्वेच्या पोरांबरोबर.