गव्हाणी घुबडाचा कॅमेरा: तिन्हीसांजेचं दुखणं सापडलं

मंडळी, माळ्यावरच्या गव्हाणी घुबडाच्या घरट्यावर लावलेला यूएसबी कॅमेरा काल रात्रभर चालला! तिन्हीसांजेला इन्फ्रारेड दिवे लागले आणि आज सकाळी काचेच्या कौलातून उजेड येऊन ते विझेपर्यंत चित्र एकदाही तुटलं नाही. मोशनने, म्हणजे हालचाल दिसली की चित्रण साठवणाऱ्या प्रोग्रॅमने, सगळ्या क्लिपा ओळीने साठवून ठेवल्यात. एका क्लिपमध्ये नर उंदीर घेऊन येतो, मादी जागची उठते आणि तिच्या पोटाखालून पहिलं पिल्लू दिसतं. डोळे मिटलेले, अंगावर विरळ पांढरी लव, मान स्वतःच्या वजनानेच कलंडतेय. बाकीची अंडी अजून तशीच आहेत. गव्हाणी घुबड दोन-तीन दिवसांच्या अंतराने एकेक अंडं घालतं आणि पहिल्या अंड्यापासूनच उबवायला बसतं, म्हणून पिल्लंही पुढेमागे बाहेर पडतात. पुढचे काही दिवस रोज रात्री चित्र हवंच होतं, आणि नेमकी रात्रीचीच बोंब होती.

लक्षणं तुम्हाला माहीत आहेत. दिवसभर कॅमेरा ठणठणीत. अंधार पडला की डीमेसेजमध्ये, म्हणजे लिनक्सच्या नोंदवहीत, ‘यूएसबी डिसकनेक्ट’, मग ‘एरर -७१’ (यूएसबीवरच्या संवादात बिघाड), मग नवा नंबर घेऊन परत जोडणी, की पुन्हा तेच. कधी मध्यरात्रीपर्यंत टिकायचा, कधी दिवे लागल्या लागल्या जायचा. मादी अंड्यांवर असताना माळ्यावर पाऊल ठेवायचं नाही हे आपल्या सगळ्यांचं ठरलेलं आहे. बिथरलेली मादी घरटं टाकून जाऊ शकते. त्यामुळे जे काय करायचं ते खालूनच.

मागे मदत मागितली तेव्हा तुम्ही सुचवलेले उपाय आधी केले. ऑटोसस्पेंड, म्हणजे रिकाम्या यूएसबी उपकरणाला आपोआप झोपवणं, -१ करून बंद केलं, फरक नाही. पुढच्या पोर्टवरून मागे, थेट मदरबोर्डच्या पोर्टवर आणला, थोडा फरक. पुढची पोर्टं कॅबिनेटच्या आतून बारीक वायरने मदरबोर्डला जोडलेली असतात, त्यामुळे लांब केबलसाठी ती वापरूच नयेत. त्याच कॉम्प्युटरला लावलेल्या दुसऱ्या कॅमेऱ्यामुळे बँडविड्थ, म्हणजे डेटा जायची जागा, अडते का, हेही पाहिलं. दोन्ही कॅमेरे एकत्र असताना जो ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ यायचा, त्याचा हार्ड डिस्कशी काही संबंध नाही. यूएसबी २.० वर एक कॅमेरा जास्तीत जास्त सेकंदाला २४.५ एमबीची जागा राखून ठेवू शकतो. दोघांनी तेवढी मागितली की ४९ होतात, आणि ४८० मेगाबिटच्या, म्हणजे सेकंदाला ६० एमबीच्या सामायिक यूएसबी मार्गावर अशा कामाला ८० टक्के, म्हणजे ४८ एमबीच मिळतात. दुसऱ्याला एमजेपेगवर, म्हणजे दाबून लहान केलेल्या चित्रावर, टाकून पाहायचं आहे, पण सध्या तो काढूनच ठेवलाय. तरी दुखणं कायम.

सगळ्यांचा संशय लांबीवर होता. यूएसबी २.० ची साधी केबल ५ मीटरपर्यंत, आणि माझी एक्स्टेंशन ५ मीटर अधिक कॅमेऱ्याची स्वतःची २ मीटर. पण लांबीमुळे सिग्नल मरत असता तर दिवसाही मेला असता, आणि एक्स्टेंशन रिपीटरवाली, म्हणजे सिग्नल पुन्हा जोरकस करणारी आहे. वेळ बघा ना. अंधार पडला की कॅमेऱ्यात एकच गोष्ट बदलते: दिवे लागतात.

म्हणून व्होल्टेज आणि करंट दाखवणारा यूएसबी मीटर मध्ये घातला. ही बोटाएवढी वस्तू प्रत्येकाने घ्याच, स्वस्त मिळते आणि अंदाजपंचे काम थांबतं. दिवसा कॅमेरा १८० मिलिअँपिअर घेतो, दिवे लागले की ४१०. पोर्ट ५०० देतं, तेव्हा करंटची अडचण नाही. अडचण तारेची आहे. एक्स्टेंशनच्या अंगावर २८ एडब्ल्यूजी छापलंय. हे तारेच्या जाडीचं माप, आकडा मोठा तितकी तार बारीक. अशा तारेचा रोध मीटरला साधारण ०.२१ ओहम, ५ मीटर जायचे, ५ यायचे, म्हणजे २.१ ओहम. दिवसा ०.४ व्होल्टच्या आसपास गळती, रात्री जवळजवळ ०.९. वाडीच्या टोकाच्या माडापर्यंत पोचता पोचता पंपाच्या पाण्याचा जोर उतरतो, तसंच हे. कॉम्प्युटरकडे ४.९५ असले तरी रात्री पलीकडे ४.१ सुद्धा राहत नाहीत.

मग एखाद्या रात्री का टिकायचा? उत्तर जोडावर मिळालं. एक्स्टेंशन आणि कॅमेऱ्याची केबल जिथे जुळतात तो जोड सुदैवाने पडवीतल्या वाशावर आहे, स्टुलावरून हात पोचतो. प्लग काढून भिंगाखाली धरला. यूएसबीच्या चार पट्ट्यांपैकी कडेच्या दोन लांब असतात, त्या वीजपुरवठ्याच्या. मधल्या आखूड, त्या डेटाच्या. मधल्या दोन्ही लख्ख सोनेरी. ग्राउंडची जराशी मळकी. आणि पाच व्होल्टच्या पट्टीवर हिरवा कळंक, टोकाला तर मुलामा उडून काळा डाग. समुद्राकडून येणारी खारी दमट हवा आणि त्यात कायम व्होल्टेज असलेली पट्टी, म्हणजे धन बाजू खाल्ली जाणारच. हवा जशी दमट-कोरडी, तसा त्या जोडाचा रोध बदलायचा. गुहागरला किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांनी आपापले जोड आजच काढून बघा.

आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश घेऊन साफ केलं. रात्रीचं व्होल्टेज जोडावर लगेच ०.२ ने सुधारलं, कॅमेरा पहाटेपर्यंत गेला. तरी शेवटी पडलाच. म्हणून त्याच जागी स्वतःच्या ॲडॅप्टरवर चालणारा हब बसवला, ५ व्होल्ट २ अँपिअरचा. आता दिवे लागलेले असतानाही हबपाशी ४.९७ दिसतात, आणि ते आकडे बघून फार बरं वाटलं.

हबबद्दल एक सावधगिरी. पहिला जो आणला तो ॲडॅप्टरची वीज उलट कॉम्प्युटरकडेही ढकलत होता. पीसी बंद केला तरी कीबोर्डचा दिवा जळतच. असला हब मदरबोर्डला लावू नका. दुकानदार म्हणाले, ‘सगळे असेच येतात हो.’ नाही येत. दुसऱ्या बनावटीचा आणला, त्यात वीज उलट जात नाही. घेताना पीसी बंद करून हेच तपासा.

छोटी जमेची बाजू: कॅमेरा परत जोडला गेला की कॉम्प्युटरने दिलेलं त्याचं नाव व्हिडिओ-० चं व्हिडिओ-२ व्हायचं आणि मोशन जुन्याच नावाला चिकटून बसायचं. आता यूडेव्हचा (लिनक्समध्ये उपकरणांना नावं देणाऱ्या भागाचा) नियम लिहून त्याला कायमचं नाव दिलंय. पुन्हा कधी तुटलाच तर मोशन आपणहून पकडेल.

आता पुढचं. ठरवलं होतं की हंगाम संपल्यावर माळ्यावर रास्पबेरी पाय हा छोटासा कॉम्प्युटर ठेवायचा आणि खाली लॅन केबल आणायची, ती १०० मीटरपर्यंत चालते. पण वरचे आकडे लिहिताना वाटायला लागलंय की पायची गरजच काय? दिव्यांचे २३० मिलिअँपिअर यूएसबीतून न्यायचेच कशाला? सीसीटीव्हीचा १२ व्होल्टचा वेगळा इन्फ्रारेड दिवा बॅटरीवर लावला तर लाइट गेल्यावरही जळेल आणि कॅमेऱ्यावर दिवसाचाच भार राहील. दिवा ९४० नॅनोमीटरचा घ्यायचा की ८५० चा, एवढंच ठरायचंय. ८५० चा मंद लाल दिसतो, ९४० चा दिसत नाही पण सेन्सरला कमी पोचतो. मी ९४० कडे झुकलोय. सध्याच्या दिव्याचा लाल ठिपका मादीला खटकत नसला, तरी नसलेलाच बरा.

पिल्लं उडायला साधारण दोन महिने, म्हणजे पावसाच्या आधी माळा मोकळा होईल. तोवर वरच्या केबलला हात नाही. जोडाला सिलिकॉन ग्रीस लावून वर रबर टेप गुंडाळलीय.

मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात कुणी जाणार असाल तर एक काम करा: वीजपुरवठ्याच्या तारा २४ एडब्ल्यूजीच्या असलेली ५ मीटरची एक्स्टेंशन मिळाली तर माझ्यासाठी आणा. खोक्यावर काय लिहिलंय ते बघू नका, केबलच्या अंगावर छापलेलं वाचून घ्या.