अमावास्येचा चंद्र बघायला चेरुवतूरला

२२ जुलै २००९. सुरतेतल्या एका गच्चीवर पहाटेपासून उभे होतो आणि डोक्यावर पावसाळी ढगांची गोधडी. या शतकातलं सर्वांत लांब म्हणून गाजलेलं खग्रास सूर्यग्रहण ते. काळोख झाला, कुत्री भुंकली, पुन्हा उजाडलं. दिसलं काहीच नाही. त्यामुळे २६ डिसेंबर २०१९ च्या कंकणाकृती ग्रहणाचा (ज्यात चंद्र सूर्याला पुरता झाकत नाही आणि भोवती बांगडीसारखी कड उरते) बेत आखताना अट एकच होती : पावसाळा नको. ग्रहणाच्या पट्ट्याची मध्यरेषा केरळच्या कासरगोड जिल्ह्यातल्या चेरुवतूरजवळून जाणार होती, आणि आमच्यासारख्यांना ते कोकण रेल्वेने एका रात्रीचं अंतर.

आई मात्र खट्टू. मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार, वर अमावास्या, त्यात ग्रहण. "उद्यापन सोडून निघालास, वेध तरी पाळ," म्हणाली. पाळले नाहीत, हे इथेच कबूल करतो.

२४ ला पहाटे निघण्याआधी गच्चीवर जाऊन पूर्वेला चंद्राची कोर बघून घेतली. नखाएवढी. हे प्रत्येकाने करावं असं माझं मत आहे. दोन-तीन दिवस आधीपासून पहाटे उठून ही कोर बारीक होत सूर्याकडे सरकताना पाहिली, की ग्रहणाच्या दिवशी कोण येतंय ते मनात पक्कं असतं. नाहीतर 'सूर्याला काहीतरी झालं' एवढंच वाटत राहतं.

पनवेलला नेत्रावती एक्सप्रेस धरली. नाताळ आणि शबरीमलेच्या मंडलपूजेची गर्दी, तिकिटं आम्ही चार महिने आधीच काढली होती म्हणून बसायला मिळालं. (आता आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. त्याच सकाळी काढा, तत्काळवर विसंबू नका.) कणकवलीच्या आसपास विजयदुर्गाचा विषय निघालाच. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात हेलियमचा शोध तिथल्या 'साहेबाच्या कट्ट्या'वर लागला, असं आपल्याकडे छाती फुगवून सांगतात. पट्टा विजयदुर्गावरून गेला होता, हे खरं. पण ज्याच्या नावाशी हा शोध जोडतात तो इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियर तेव्हा इंग्लंडमध्येच होता. सूर्याच्या वर्णपटातली हेलियमची ती पिवळी रेषा त्याने ऑक्टोबरात तिथूनच पाहिली, आणि ग्रहण पाहणारा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन होता आंध्रातल्या गुंटूरला. डब्यातल्या एका मालवणी काकांना हे अजिबात पटलं नाही. कुडाळला उतरताना ते माझ्याशी बोलले नाहीत.

मुक्काम कान्हंगडला केला. चेरुवतूरच्या जवळ खोल्या कमी, हे आधीच कळलं होतं. २५ चा दिवस जागा शोधण्यात घालवला आणि तो सार्थकी लागला. नारळाच्या गावात पूर्वेचं आकाश मोकळं मिळणं सोपं नाही. सकाळी आठ-साडेनऊचा सूर्य झावळ्यांमागे अडकतो. शेवटी जांभ्याचं एक उघडं पठार सापडलं. तुम्हीही आदल्या दिवशी ग्रहणाच्याच वेळेला जागेवर जाऊन उभे राहा. सूर्य दुसऱ्या दिवशी जवळपास तिथेच असतो.

२६ ला ८ वाजून ४ मिनिटांनी पहिला घास लागला. ग्रहणाच्या चष्म्यातून (आयएसओ १२३१२-२ हे सुरक्षेचं मानक छापलेलाच घ्या, एक्स-रेची फिल्म घरी ठेवा) सूर्याची वरची कड किंचित चेपल्यासारखी दिसली. पुढचा सव्वा तास चंद्र रेंगाळतो. तो तासाला साधारण स्वतःच्या व्यासाएवढा सरकतो, पण आपणही पृथ्वीबरोबर त्याच दिशेने फिरत असतो, म्हणून आणखी वेळ लागतो. या वेळात आम्ही घरून आणलेला बुंदीचा झारा काढला. प्रत्येक भोकातून खाली पांढऱ्या कागदावर एकेक कोर. आजूबाजूची पोरं जमली, त्यांच्या आयाही आल्या, भाषा एकमेकांची कळत नव्हती पण झाऱ्याचं काम चोख झालं. चार चष्म्यांपेक्षा झाऱ्यानेच जास्त माणसांना ग्रहण दाखवलं.

९.२५ च्या सुमारास कोरीची दोन टोकं वळत वळत जवळ आली, त्यांच्यामध्ये क्षणभर तुटक ठिपके चमकले आणि कंकण जुळलं. ते ठिपके म्हणजे बेलीचे मणी : चंद्राच्या कडेवरचे डोंगर प्रकाश अडवतात आणि दऱ्या सोडतात. तीन मिनिटांच्या आसपास कंकण टिकलं. झाऱ्याखाली कागदभर बांगड्या.

खग्रास का नाही, हे शेजारच्या मुलाने मोडक्या इंग्रजीत विचारलं. चंद्र सूर्यापेक्षा सुमारे ४०० पट लहान आणि सुमारे ४०० पट जवळ, म्हणून दोघं सारखे दिसतात, पण अगदी सारखे नाहीत. आठवड्यापूर्वीच जवळ येऊन गेलेला चंद्र आता लांब निघाला होता. दुसरीकडे पृथ्वी ५ जानेवारीला सूर्याच्या सर्वांत जवळ पोहोचणार, म्हणजे सूर्य एरवीपेक्षा मोठा. झाकण तीन टक्के कमी पडलं. तेवढ्या कडेने इतका उजेड राहतो की दुपार ढगाळल्यासारखी वाटते, रात्र नाही. म्हणून कंकणाकृतीत चष्मा एक क्षणही काढायचा नाही.

कंकण सुटताच नव्वद टक्के लोक घरी गेले. मला हे कधीच कळत नाही. अकरा वाजून गेल्यावर शेवटची खाच भरेपर्यंत आम्ही पठारावर होतो, आणि मी अर्ध्या चेष्टेत "दे दान, सुटे गिराण" ओरडून घेतलं. वायनाडला गेलेल्या मित्राचा फोन आला, ढगांमुळे कंकण दिसलंच नाही. म्हणून जागा निवडताना निसर्गसौंदर्य नव्हे, ढग बघा आणि सकाळी पळता येईल अशी गाडी ठरवून ठेवा.

पुढचं भारतातलं कंकण २१ मे २०३१ ला, कोची ते मदुराईच्या पट्ट्यात. मेअखेरीस केरळात ढग जमतात, मी मदुराई निवडेन. खग्रासासाठी २० मार्च २०३४ ला काश्मीर-लडाख. तोवर धीर नसेल आणि खिसा परवानगी देत असेल तर २ ऑगस्ट २०२७ ला इजिप्तमधलं लक्सर : सहा मिनिटांहून जास्त काळोख, ढग जवळपास नाहीत, पण ऊन भाजून काढणारं.

२८ च्या संध्याकाळी घरी, पश्चिमेला शुक्राशेजारी कोवळी कोर आली होती. आई गच्चीवर कपडे काढत होती. "हाच ना रे, ज्याच्यासाठी उद्यापन बुडवलंस?" म्हणाली, आणि हातातले कपडे तसेच धरून बराच वेळ बघत राहिली.