कांद्याचे भाव, हॅस्केल आणि रिकामा रकाना

लासलगावला माझ्या मामांची आडत आहे. रोजची आवक आणि दर मुनीमकाका वर्षानुवर्षं एक्सेलमध्ये भरत आलेत. मामांना हवा होता लाल, रांगडा आणि उन्हाळ कांद्याचा महिनावार सरासरी भाव, आवकेच्या प्रमाणात काढलेला. नाशिकला कॉलेज रोडवरच्या खोलीत मी तेव्हा हॅस्केल ही प्रोग्रामिंगची भाषा शिकत होते. काम मागून घेतलं.

एक्सेलमधून काढलेली सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर-फाइल) वाचायला कसावा ही हॅस्केलची लायब्ररी, म्हणजे तयार कोड, घेतली. पहिल्याच झटक्यात अख्खी फाइल नाकारली गेली, कारण एका ओळीत दराच्या जागी ‘सुटी’ लिहिलेलं. फाइल वाचणारं कसावाचं साधं डीकोड फंक्शन असंच वागतं. कसावाचंच स्ट्रीमिंग मॉड्यूल प्रत्येक ओळीचा निकाल वेगळा देतं, त्यामुळे बिघडलेल्या ओळी बाजूला काढता आल्या.

दोन संध्याकाळी गेल्या त्या ‘लाल’ या शब्दात. जातीचा रकाना बाइटस्ट्रिंग म्हणून, म्हणजे नुसत्या बाइटांची माळ म्हणून, घेतला होता आणि कोडमधल्या ‘लाल’शी एकही ओळ जुळेना. शेवटी कोडमधला शब्दच छापून पाहिला, तर पडद्यावर 2>2! कोडमधल्या अक्षरांची बाइटस्ट्रिंग होताना प्रत्येक अक्षराच्या युनिकोड क्रमांकाचे खालचे 8 बिटच उरतात. ‘ल’चा क्रमांक हेक्साडेसिमलमध्ये 0932, त्यातले उरले 32, आणि तो 2 या अंकाचा क्रमांक. कान्याचं तसंच > झालं. फाइलमध्ये मात्र यूटीएफ-8 होतं, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षर एकाहून जास्त बाइटांत पूर्ण लिहिलेलं. रकाना टेक्स्ट या, अक्षरं पूर्ण जपणाऱ्या, प्रकाराचा केला आणि ओळी जुळल्या. मराठी मजकूर असेल तर टेक्स्टच घ्या, हे मी आता भेटेल त्याला सांगते.

बेरजांना कंटेनर्स या लायब्ररीतला मॅप, म्हणजे प्रत्येक जात-महिन्यापुढे त्याची बेरीज ठेवणारा तक्ता. लेझी, म्हणजे गरज पडेपर्यंत हिशोब लांबवणाऱ्या, मॅपमध्ये न सोडवलेल्या बेरजा मेमरीत साचत गेल्या. लगेच हिशोब करणारा स्ट्रिक्ट मॅप घेतला तरी तो साठवलेल्या नोंदीचं वरचं आवरणच सोडवतो, म्हणून रक्कम आणि आवक या दोन्ही फील्डनाही स्ट्रिक्ट करावं लागलं.

राहिले रिकामे दर. दराचा प्रकार मेबी (‘असेल किंवा नसेल’) केला की कसावा रिकाम्या रकान्याला नथिंग, म्हणजे ‘काही नाही’, देते, आणि मग नथिंगचं काय करायचं हे ठरवल्याशिवाय गुणाकारच करता येत नाही. बाजार बंद असेल असं धरणार होते, पण त्यातल्या काही दिवशी आवक भरलेली होती. मामांना फोन केला.

“अगं, त्या दिवशी गाड्या आल्या होत्या. भाव पडला म्हणून शेतकऱ्यांनी लिलाव बंद पाडला. माल विकलाच नाही, तर दर कुठून लिहिणार?”

“मग काही वर्षं शून्य का लिहिलंय?”

“तेही तसेच दिवस. मुनीम तेव्हा शून्य मांडायचा.”

ते शून्य आवकेसकट सरासरीत मिसळून भाव खाली ओढत होते. त्याच रात्री दराच्या मेबीच्या जागी माझा स्वतःचा प्रकार लिहिला: विक्री झाली, बाजार बंद, लिलाव बंद पाडला. मामांना पाठवलेल्या तक्त्यात तिसऱ्या प्रकारच्या दिवसांचा रकाना वेगळा ठेवलाय. त्यांनी आधी तोच वाचला.