आमची वाटचाल : पाणी कुठून आलं

आमचं काम इलेक्ट्रोपॉलिशचं, म्हणजे आम्लाच्या टाकीत वीज सोडून स्टेनलेस चकाकवण्याचं. प्लेटिंगवाले जॉब, म्हणजे गिऱ्हाइकाची वस्तू, विजेच्या मायनसला लावतात, आम्ही प्लसला. ते धातू चढवतात, आम्ही उतरवतो, तोही मोजून १० ते २० मायक्रॉन (हजार मायक्रॉनचा एक मिलिमीटर). उंचवटे आधी विरघळतात, लोखंड क्रोमियमपेक्षा जास्त निघतं, म्हणून स्टेनलेस नुसतं चकाकत नाही, गंजालाही जास्त तोंड देतं. हे सांगून सांगून माझा घसा बसला, पण गिऱ्हाईक विचारतं, ‘बफिंगनेही (फिरत्या कापडी चाकावर घासूनही) चकाकतंच की!’

हेच वाक्य माझ्या पहिल्या भागीदाराने गिऱ्हाइकांच्या डोक्यात भरलं. वेगळा होताना तो टाकीला डीसी वीज देणारा रेक्टिफायर घेऊन गेला, चालेल. बफिंगचं दुकान थाटलं, तेही चालेल. पण बिलावर ‘इलेक्ट्रोपॉलिश’ लिहायचा! अर्ध्या दरात.

नेमकी तेव्हाच आमची टाकी बिघडली. फॉस्फोरिक-सल्फ्युरिकचं मिश्रण, तापमान ठीक, अँपिअर ठीक, तरी जॉबवर पट्टे आणि बारीक खड्डे. डेअरीच्या व्हॉल्व्हच्या ३०० बॉड्या परत आल्या. मी करंट वाढवला, कॅथोड (मायनसच्या पट्ट्या) घासले, जिगची (जॉब लटकवायच्या सांगाड्याची) टायटॅनियमची टोकं बदलली. दोन महिने हातात काम नव्हतं.

व्हॉल्व्हवाले साहेब मात्र हटले नाहीत. एका सकाळी टाकीशेजारी स्टूल टाकून बसले. पोरगा धुतलेले जॉब निथळू न देता थेट टाकीत सोडत होता. साहेब म्हणाले, “अहो, हे पाणी जातंय कुठं?” घनता मोजायचा हायड्रोमीटर बुडवला. १.७ च्या आसपास असायला हवी ती घनता त्या पाण्याने कधीच घसरली होती. रोज सकाळी तो बुडवायचा, हे मीच पोरांना शिकवलं होतं. मीच सोडलं होतं.

त्यानंतरची ११ वर्षं काम नीट चाललं.

नवीन मुलांनी विचारलेलं नाही, तरी सांगतो. जॉब लटकवताना बंद भोकाचं तोंड वर ठेवा, नाहीतर वायू अडकून डाग पडतो. जिगचा स्क्रू ढिला राहिला तर तिथंच जळतं. आणि खोल ओरखडा इलेक्ट्रोपॉलिशने जाईल असं कबूल करू नका. उलट तो उठून दिसतो.

भागीदाराने बफ केलेल्या बॉड्या कालांतराने माझ्याकडेच आल्या. धातू सारवून मळ आणि पॉलिशचा साबण खाली दाबलेला, वरून गंजाचे ठिपके. टाकीत घातल्यावर सगळं उघडं पडलं. साहेबांनी त्यातली एक बॉडी टेबलावर ठेवून घेतली. ती कोणाच्या हातची, हे त्यांनी भागीदाराला कधी विचारलं नाही. मी विचारलं असतं.